पाडण्याआधी एक दिवस आत येऊ द्या

प्रति,
राज्यातल्या नगरपरिषदा व नगरपंचायतींचे अध्यक्ष, मुख्याधिकारी आणि बांधकाम विभागाचे अभियंते यांस

सप्रेम नमस्कार.

मे महिना आला की आपल्या कार्यालयाबाहेरच्या फलकावर धोकादायक इमारतींची यादी लागते. मालमत्ता क्रमांक, मालकाचे नाव, पेठ आणि नगरपरिषद अधिनियम १९६५ च्या कलम १९५ खाली बजावलेल्या नोटिशीची तारीख. त्या यादीतला वाडा, बंद पडलेली टॉकीज, पडीक जिनिंग किंवा जुनी धर्मशाळा पावसाआधी उतरवली जाते. काही ठिकाणी पाऊसच ते काम उरकतो. रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या जिवाला धोका असेल तर इमारत उतरवलीच पाहिजे, त्यात दुमत नाही. पाडकाम थांबवा असे सांगायला हे पत्र लिहिलेले नाही. आमची तक्रार एवढीच आहे की आतला एकही धड फोटो न घेता या वास्तू पाडल्या जातात, आणि जे स्वखर्चाने फोटो काढायला तयार असतात त्यांना आत पाऊल टाकू दिले जात नाही.

आम्ही तालुक्याच्या गावांतल्या रिकाम्या इमारतींचे आतून छायाचित्रण करतो. कॅमेरे आमचे, गाडीभाडे आमचे, वेळही आमचा. ही आमचीच गावे आहेत, आणि ती आतून कशी होती हे पुढच्या पिढीला दाखवायला काहीच उरणार नसेल तर ते आम्हाला गप्प राहून मान्य करता येत नाही.

आतल्या बाजूचाच एवढा आग्रह कशासाठी? इमारतीचा दर्शनी भाग कुठे ना कुठे सापडतो. मिरवणुकीच्या फोटोत, दुकानाच्या जुन्या जाहिरातीत, एखाद्या दिवाळी अंकात. माजघर, कोठीघर, न्हाणी, बाळंतिणीची खोली, धान्याचे बळद यांचे फोटो कुणीच काढले नाहीत, कारण ती पाहुण्याला दाखवायची जागाच नव्हती. घर बांधणाऱ्याचे खरे डोके मात्र तिथेच चाललेले असते: भिंतीच्या जाडीत बसवलेला जिना, कोनाड्यात सोडलेला धुराचा मार्ग, कडीपाटाच्या तुळईचे भिंतीत घुसणारे टोक.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदावरचा मातीचा जड थर लोकांच्या अंगावर आला. ती घरे तशी का पडली याचा अभ्यास झाला, गावे नव्या जागी वसली. पण पडण्याआधी ती घरे आतून कशी होती हे बघायला आज फोटो शोधायला जावे, तर लग्नाच्या अल्बममध्ये नवरानवरीच्या मागे दिसणारी भिंत हाती लागते. भूकंप सांगून येत नाही. नोटीस सांगून येते, तरीही आपण नोंद ठेवत नाही.

अमेरिकेत मंदीच्या काळात, १९३३ साली, बेकार झालेल्या वास्तुविशारदांना आणि छायाचित्रकारांना हाताशी धरून सरकारने जुन्या इमारतींची मोजमापे, नकाशे आणि फोटो घेण्याचे काम सुरू केले. ते अजून चालू आहे आणि तो सगळा संग्रह तिथल्या संसदेच्या ग्रंथालयात कुणालाही बघता येतो. त्यातल्या कितीतरी इमारती आज उभ्या नाहीत. आपल्याकडे केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा कायदा संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या स्मारकांना आधार देतो. मुंबईला १९९५ पासून वारसा नियमावली आहे. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा किंवा चांदवडचा रंगमहाल लोक बघायला जातात. पण तालुक्याच्या गावातल्या तीनचौकी वाड्याला, तेलाच्या घाण्याला, बंद टॉकीजला कुठल्याच यादीत जागा नाही. त्यांची नोंद सरकारदरबारी होते ती थेट पाडण्याच्या फाइलमध्ये. म्हणून ती फाइलच आम्हाला महत्त्वाची वाटते.

आता आमच्या तक्रारी.

पहिली तक्रार पंचनाम्याच्या फोटोंची. फाइलमध्ये दोन-तीन फोटो असतात: रस्त्यावरून दिसणारी भिंत, तिला गेलेला तडा, समोर उभा कर्मचारी. ते मोबाइलवर काढतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. या प्रवासात फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते आणि फाइलच्या पोटातली तारीख, वेळ, कॅमेऱ्याची माहिती पुसली जाते. उद्या मालक-भाडेकरू वाद कोर्टात गेला तर असा फोटो कधीचा हेच सिद्ध करता येत नाही. मोबाइलच्या अतिरुंद लेन्समधून दहा फुटांची खोली सोळा फुटांची दिसते. कडेचे खांब बाहेर झुकतात. अंधार उजळवण्याच्या नादात मोबाइल काजळीचा थरसुद्धा धुऊन काढतो, आणि चूल कुठे होती ते त्या काजळीवरूनच कळायचे असते.

दुसरी तक्रार परवानगीची. विचारायचे कुणाला, हेच ठरलेले नाही. मालक म्हणतो, नगरपरिषदेने सील लावले आहे. नगरपरिषद म्हणते, मालकाचे ना हरकत पत्र आणा. मालक एक नसतो, सातबाऱ्यासारखी वारसांची रांग लागलेली असते, त्यातले निम्मे पुण्या-मुंबईला. पोलीस ठाण्यात गेलो तर दोघांचेही पत्र मागतात. लेखी परवानगीशिवाय आम्ही आत जात नाही, कारण तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली गृहअतिक्रमणाचा गुन्हा होऊ शकतो आणि तसे वागणे योग्यही नाही. परिणाम काय होतो ते बघा. मागच्या भिंतीवरून उडी मारणारा मुलगा मोबाइलवर ‘भुताचा वाडा’ म्हणून व्हिडिओ काढून मोकळा होतो, आणि अर्ज घेऊन दारात उभा राहणारा जेसीबी आल्यावर परत जातो.

तिसरी तक्रार सगळ्यात जास्त नुकसानीची आहे. पाडकामाचा ठेका घेणारा बहुधा निघणाऱ्या लाकूड-लोखंड-विटांच्या भावावर ठेका घेतो. त्यामुळे ताबा मिळाला की तो पहिल्या दिवशी कोरीव खांब, महिरपी, दरवाज्यांच्या चौकटी आणि तुळया काढतो. हे सगळे जुन्या सामानाच्या बाजारात जाते. उरलेल्या भिंती मग जेसीबीने पडतात. म्हणजे पाडकाम सुरू व्हायच्या दिवशी आम्ही पोचलो तरी बघण्यासारखे सगळे ट्रकमध्ये चढलेले असते. खांब एखाद्या हॉटेलात उभा राहीलही, पण तो कुठल्या चौकात, कितव्या खणावर, कोणत्या तळखड्यावर उभा होता हे कायमचे गेले.

चौथी तक्रार आपल्याच मालकीच्या इमारतींची: जुने नगरपालिका कार्यालय, दवाखाना, मराठी शाळा, जकात नाका, पंपघर. खाजगी वाड्यात मालकाची अडचण असते, इथे तीही नाही. तरी कुलूप उघडत नाही, आणि उघडले की बऱ्याचदा आत जुनी दप्तरे पडलेली दिसतात: जन्ममृत्यूची रजिस्टरे, कर आकारणीच्या वह्या, कधी मोडीतले कागद, वर पारव्यांची विष्ठा आणि खाली वाळवी. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ असे अभिलेख सांभाळायला सांगतो. त्यात लोकांची खाजगी माहिती आहे. ती पाने आम्ही टिपत नाही, टिपू इच्छितही नाही. आधी दप्तर हलवा, मग आम्हाला आत घ्या.

बंद टॉकीजबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ‘त्यात काय आहे, नुसती खुर्च्यांची मोडकी रांग’ असे हमखास ऐकावे लागते. प्रोजेक्शनची खोली बघा. पडद्याच्या बाजूच्या भिंतीत चौकोनी झरोके असतात. एकातून प्रकाशझोत जातो, दुसऱ्यातून ऑपरेटर पडद्याकडे बघतो. दोन प्रोजेक्टर असले की झरोक्यांच्या जोड्या दोन. जुन्या टॉकीजमध्ये या झरोक्यांवर लोखंडी झडपा लटकतात. खोलीत आग लागली तर झडप पडून ती प्रेक्षागृहापासून तुटावी, कारण पूर्वीची नायट्रेट फिल्म भडकली की विझवणे अवघड. खाली कोपऱ्यात तांब्याचा मुलामा असलेल्या कार्बन कांड्यांची थोटके मिळतात. प्रोजेक्टरला दिवा म्हणजे दोन कार्बन कांड्यांमधली सतत पेटती विजेची ज्योत होती आणि कांडी जळून संपत आली की बदलावी लागे. छताला धूर बाहेर नेणाऱ्या पत्र्याच्या नळीचे भोक असते. एवढ्या खुणा जागच्या जागी टिपल्या की कधीकाळी तिथे खेळ कसा चाले ते जसेच्या तसे समजते. प्रोजेक्टर भंगारात गेल्यावर त्याच खोलीचा फोटो काढला तर चार भोके असलेली भिंत दिसते.

जिनिंग-प्रेसच्या शेडमध्ये लोखंडी तुळईच्या पोटावर बनवणाऱ्या कंपनीचे नाव उठावात असते, इंग्लंडच्या डॉर्मन लाँगसारखे. मंगलोरी कौल उलटे केले की पाठीवर कारखान्याचा छाप मिळतो. ही कौले बाझल मिशनने मंगळुरात १८६५ मध्ये बनवायला घेतली आणि मग कारखाने वाढत गेले, त्यामुळे नुसत्या छापावरून छप्पर कधीच्या आसपास शाकारले याचा अंदाज येतो. छप्पर जेसीबीने ओढले की हे सगळे रोड्यात जाते. त्याआधी एक कौल काढून उलटे करायला पाच मिनिटे लागतात.

आम्ही एकच दिवस मागतो. तो कसा वापरतो तेही सांगतो, कारण ‘फोटो काढायला दिवसभर कशाला’ हा प्रश्न रास्त आहे.

वाड्याच्या चौकात ऊन असते आणि माजघरात दुपारीही दिवा लागतो. दोन्हींतला फरक दहा-बारा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). एका फोटोत दोन्ही येत नाहीत, एक तर चौक पांढरा फटक पडतो नाहीतर माजघर काळे होते. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून एकाच चौकटीचे पाच फोटो घ्यायचे, दर वेळी दोन स्टॉपच्या फरकाने. लेन्सचे छिद्र एफ/८ वर कायम, आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता १०० वर, बदलायचा तो फक्त शटरचा वेळ. अंधाऱ्या खोलीत तो अर्ध्या मिनिटापर्यंत जातो. तेवढा वेळ त्या मजल्यावर कुणी चालायचे नाही, कारण फळ्यांची जमीन पावलागणिक हलते आणि फोटो धूसर येतो.

कॅमेरा खोलीच्या निम्म्या उंचीवर आणि पातळीत हवा. नऊ फुटी खोलीत साडेचार फुटांवर. छत दिसावे म्हणून तोंड वर केले की खांब आत झुकतात आणि त्या फोटोवरून माप घेता येत नाही. लेन्स २४ मिलिमीटर पुरते, त्याहून रुंद वापरली की खण ताणल्यासारखा दिसतो. प्रत्येक भिंतीला टेकून एक मीटरची पट्टी, दहा-दहा सेंटिमीटरला लाल-पांढरी रंगवलेली. ती भिंतीच्याच पातळीत हवी, दोन फूट पुढे ठेवली तर माप चुकते. खोलीत चार कोपऱ्यांतून चार, चारही भिंतींचे समोरून चार, छताचा एक आणि जमिनीचा एक, अशा दहा चौकटी. दोनचौकी वाड्यात पंचवीसेक खोल्या धरा: अडीचशे चौकटी, प्रत्येकी पाच, म्हणजे साडेबाराशे फाइली, सुमारे साठ जीबी. एका चौकटीला तीन मिनिटे लागतात. दोन कॅमेरे आणि चार माणसे लावली तर सव्वासहा तास. त्यात सामान हलवणे आणि उजेडासाठी थांबणे धरले की सकाळी सात ते संध्याकाळी सहा पुरते भरते.

चौकटीत रंगपट्टी, म्हणजे ठरावीक रंगांचे चौकोन असलेली पट्टी, का लावतो, तेही सांगतो. फुटलेल्या छपरातून येणारा उजेड पिंपळाच्या पानांतून गाळून आला तर चुन्याची भिंत हिरवट दिसते. छपरावर निळी ताडपत्री असेल तर सगळेच निळे. रंगपट्टीशिवाय तो रंग नंतर सुधारता येत नाही आणि मूळ रंग गेरूचा की हुरमुंजीचा हा वाद तसाच राहतो.

चुन्याचे थर चढलेल्या भिंतीवर समोरून फ्लॅश मारला तर ती कोरी दिसते. तीच भिंत विजेरी तिच्या अगदी जवळ धरून, दहा-पंधरा अंशांत तिरपा उजेड टाकून बघा. करणीचे फटकारे दिसतात, निखळायला आलेला गिलावा फुगीर दिसतो, आणि देवघराच्या आसपास कधी कधी सफेदीखाली बुडालेल्या चित्राची कोरलेली बाह्यरेषा वर येते. अशी रेघ दिसली तर आपण संबंधितांना कळवून ती भिंत थोडी थांबवू शकता. दिसलीच नाही तर कळवणार कोण?

सुरक्षेची आपली काळजी खरी आहे आणि आम्ही ती हलक्यात घेत नाही. लाकडी मजल्यावर तुळईचे भिंतीत गेलेले टोक सगळ्यात आधी कुजते, कारण ओल भिंतीत असते. वरून तुळई शाबूत दिसते आणि टोकाला भुसा झालेला असतो. फळ्यांवरच्या खिळ्यांची सरळ ओळ तुळई कुठून जाते ते दाखवते. ट्रायपॉडचे पाय त्याच ओळीवर ठेवायचे आणि चालायचे तेही त्यावरूनच. परसातला आड गवताने झाकलेला असतो, म्हणून पुढच्याच्या हातात काठी. डोक्यावर हेल्मेट, तोंडाला एन-९५ मास्क, कारण वटवाघळांच्या आणि पारव्यांच्या कोरड्या विष्ठेची धूळ फुफ्फुसाला घातक असते. तिथे झाडू मारायचा नाही. एकट्याने आत जायचे नाही, एक माणूस सतत दाराशी. सी-१ म्हणजे अतिधोकादायक ठरलेल्या इमारतीत आम्ही पाऊलही टाकणार नाही. दारा-खिडकीतून लांब दांड्यावर कॅमेरा आत घालून दुरून शटर दाबता येते. फोटो कमी येतात, पण येतात. सी-२ वर्गातल्या इमारतींना दुरुस्तीची मुदत असते. तिथे घाईचे कारण पुढे करू नये.

मालकांच्या मनातली भीतीही आम्हाला ठाऊक आहे: फोटो निघाले की वाडा वारसायादीत जाईल आणि बांधकाम अडकेल. तसे होत नाही. यादीत घालायची प्रक्रिया वेगळी आहे, त्यासाठी हरकती-सूचना मागवाव्या लागतात, आमच्या फोटोने ती सुरू होत नाही. उलट पट्टी लावून घेतलेले, तारखेचे फोटो मालक आणि भाडेकरू दोघांच्याही उपयोगाचे आहेत. पाडण्यापूर्वी भाडेकरूच्या ताब्यातल्या जागेची मोजणी होतेच. त्या मोजणीशेजारी हे फोटो लावा, पुढचे कितीतरी वाद जागच्या जागी मिटतील.

आमच्याकडूनही काही बंधने लिहून देतो. वास्तू उभी असेपर्यंत तिचा नेमका पत्ता आम्ही प्रसिद्ध करणार नाही, कारण कोरीव दरवाज्याचा फोटो पत्त्यासह फिरला की चोर येतो. आतली वस्तू हलवणार नाही, सजावट म्हणून मांडणार नाही, खिळासुद्धा उचलणार नाही. पत्रे, खातेवह्या, माणसांचे फोटो टिपणार नाही. कुलदेवतेच्या जागी चपला काढून जाऊ, आणि घरच्यांनी नको म्हटले तर देवघर सोडून देऊ. इजा झाल्यास जबाबदारी आमची, असे हमीपत्र देऊ. मानधन मागत नाही.

आमच्या मागण्या अशा.

कलम १९५ च्या नोटिशीसोबत मालकाला एक ओळीचा प्रश्न विचारा: पाडण्यापूर्वी आतले छायाचित्रण करू देण्यास संमती आहे का? हो किंवा नाही. म्हणजे वारसांच्या दारोदार फिरण्याचा प्रश्न मिटेल. परवानगीसाठी एक पानी अर्ज आणि एक जबाबदार अधिकारी ठरवा, आणि सात दिवसांत लेखी उत्तर द्या. नकार असेल तर कारण लिहा.

जिथे नगरपरिषद स्वतः ठेका देते तिथे निविदेत एक अट घाला: छायाचित्रणाचा दिवस झाल्याशिवाय ठेकेदाराने एकही खांब, चौकट किंवा तुळई काढायची नाही. आमच्या दृष्टीने बाकी सगळ्यांपेक्षा ही अट मोठी आहे.

त्या दिवशी आपल्या अभियंत्याने तासभर यावे आणि कुठल्या खोल्यांत जायचे, कुठल्या टाळायच्या ते खडूने दारावर लिहून द्यावे. वीजजोडणी खरोखर तोडली आहे का, हेही तपासून सांगावे. रिकाम्या घरात मीटर काढलेले असते आणि शेजारून ओढलेली वायर जिवंत असते.

फोटोंची एक प्रत नगरपरिषदेत, एक गावातल्या सार्वजनिक वाचनालयात आणि एक जिल्ह्याच्या शासकीय ग्रंथालयात ठेवण्याची व्यवस्था करा. कॅमेऱ्याने टिपलेल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या रॉ फाइली, सोबत कुठेही उघडता येणाऱ्या टिफ फाइली, आणि प्रत्येक फाइलच्या नावात मालमत्ता क्रमांक, मजला, खोली आणि तारीख. हार्ड डिस्क आम्ही देऊ. आपण फक्त ती कपाटात ठेवून नोंदवहीत घ्या.

आणि शेवटची मागणी कॅलेंडरची. मे महिन्यात यादी लावणे छायाचित्रणाच्या दृष्टीने उशिराचे आहे. दुपारचे ऊन सर्वांत कडक, पाऊस तोंडावर, ठेकेदाराला घाई. डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने या कामाला उत्तम: जमीन कोरडी, परसातले गवत वाळलेले, ऊन तिरपे आणि सौम्य, साप सहसा सुस्त. पाहणी दिवाळीनंतर करून यादी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लावली तर मालकांनाही दुरुस्तीला चार महिने मिळतील. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा आणि ठरावाची प्रत कार्यालयाच्या फलकावर लावावी, ही विनंती.

आपले,
तालुक्याच्या गावांतल्या रिकाम्या वास्तूंचे आतून छायाचित्रण करणारे